मायनसची उत्तरं

आमच्या घरात गणित एकाच माणसाला येतं. ते म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. दहावीला त्यांना गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. लग्न होऊन वणीला आले त्या पहिल्या आठवड्यातच मी ही गोष्ट ऐकली, आणि त्यानंतर अठरा वर्षं पाहुणे बदलत गेले तरी गोष्ट तीच राहिली. त्यांची गुणपत्रिका बैठकीत काच लावून टांगलेली आहे. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, त्यामुळे काचेवर रोज काळी धूळ बसते. ती पुसायचं काम माझं. म्हणजे घरातल्या गणिताला रोज हात लावणारी मी एकटीच होते, असं म्हटलं तरी चालेल.

दहावीनंतर भासऱ्यांनी एखादं गणित सोडवल्याचं कोणी पाहिलेलं नाही. एवढे मार्क मिळाल्यावर पुन्हा सोडवून दाखवायची गरज काय? ते ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि गणिताबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे. गणित रक्तात असावं लागतं. घोटून घोटून येतं ते गणित नव्हे, ती हमाली.

दिवाळीनंतर माझ्या मुलीचा सहामाहीचा निकाल आला. ती दहावीत होती. रात्री जेवायला सगळे बसले असताना भासऱ्यांनी विचारलं, "बीजगणितात किती?"

"नऊ."

"दहापैकी?"

"चाळीसपैकी, मोठेबाबा."

"वा. एका आकड्यात आटोपलं. तपासणाऱ्याचीही मेहनत वाचवली."

मोठ्या जाऊबाई हसल्या. मुलगी ताटातल्या भाजीकडे बघत राहिली. तिला यवतमाळला पॉलिटेक्निकला जायचं होतं, स्थापत्यला. रस्ते आणि पूल कसे बांधतात ते शिकायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितलं नव्हतं.

"पॉलिटेक्निकचं खूळ आता डोक्यातून काढा," भासरे म्हणाले. "तिथे पहिल्या दिवसापासून गणित. आर्ट्सला टाकू, कॉलेज घराजवळ आहे. मला वाटलं होतं, आपल्याच घरची मुलगी, गणित रक्तात असेल." आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. रक्ताचा उरलेला अर्धा भाग तिथे भाकरी थापत होता.

"दादा म्हणते ते खरं आहे," माझा नवरा म्हणाला. हे वाक्य त्याला फार चांगलं येतं. त्याचा त्यानं लहानपणापासून सराव केला आहे.

मी भाकरी उलटली. भासऱ्यांसमोर बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घ्यायचा आणि सांगायचं ते लेकरांकडून सांगायचं, अशी आमच्याकडची चाल. "मोठ्या बाबांना विचार, भाकर घेता का?" लेकरू जवळ नसलं तर कपाटाकडे तोंड करून म्हणायचं, "भाजी संपली वाटते." कपाट कधी उत्तर देत नाही, पण निरोप पोचतो. बाकीच्या बायांना ही चाल जाचायची. मला मात्र फार सोयीची होती. मला मुळातच चार माणसांत तोंड उघडता येत नाही, आणि इथे तर त्याला मर्यादा म्हणत होते.

डिसेंबरात एका दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मुलगी पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"काय झालं?"

"दोन संख्या पायजे. गुणाकार चोवीस यायला पायजे अन् बेरीज अकरा."

"आठ अन् तीन."

तिनं नाक पुसलं. "तुले कसं समजलं?"

"तीन आठं चोवीस. यात समजायचं काय आहे?"

"थांब. गुणाकार चाळीस, बेरीज तेरा."

"आठ अन् पाच."

"बहात्तर. बेरीज सतरा."

"नऊ अन् आठ."

"एकशे आठ, बेरीज एकवीस."

त्याला थोडा वेळ लागला. दोन शेंगा सोलून झाल्या. "बारा अन् नऊ."

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही पाटावरवंटाच बोलला. खरं तर यात काही विद्या नव्हती. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. गुरुजी एकच, आणि त्यांना चारही वर्ग सांभाळायचे असल्यामुळे ते सगळ्यांना एकत्र बसवून पाढेच म्हणायला लावत. दोन ते तीस, वरून खाली आणि खालून वर. पाचवी नाल्यापलीकडच्या गावात होती. मुलींचं डोकं नाल्यापर्यंतच चालतं असं तेव्हा शास्त्र होतं, म्हणून माझं शिक्षण तिथे पूर्ण झालं. पण पाढे राहिले.

मुलीला पाढे बारापर्यंत यायचे, तेही मोबाईल हाताशी असला तर. सगळी अडचण तिथेच होती. धडे तिला समजत होते, पण चोवीसाचे तुकडे पाडायला गेली की तास संपायचा.

"हे सगळे कायले पाडायचे?" मी विचारलं.

"याला अवयव पाडणं म्हणतात. हे बघ, बहुपदी. एक्सचा वर्ग, अधिक अकरा एक्स, अधिक चोवीस."

"ही फुली म्हणजे गुणिले ना?"

"नाही गं आई. तो एक्स आहे. माहीत नसलेली संख्या."

"माहीत नाही, तर तिचा वर्ग कोणी करून पाहिला?"

"तू फक्त दोन आकडे सांग."

मी आकडे सांगत गेले, ती कंस लिहीत गेली. मग तिनंच मला समजावलं की कंस परत गुणले तर मूळची बहुपदी आली पाहिजे. आली तर बरोबर, नाही आली तर चूक. हे मला फार आवडलं. बरोबर का चूक ते विचारायला कोणाच्या दारात जायला नको. माझ्यासारख्या बाईसाठी गणितात याहून मोठी सोय नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नेम धरला. सकाळी पाढे, दुपारी शाळेतून आल्यावर दहा बहुपदी. ती दहा सोडवायची, मी दहा सोडवायची, मग एकमेकींचे कंस गुणून पाहायचे. कागदाला तोटा नव्हता. सासरे कचेरीत होते आणि निवृत्त होताना त्यांनी जुन्या छापील अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणून ठेवले होते, एका बाजूनं कोरे. पुढे "अर्जदाराचे संपूर्ण नाव", मागे आमच्या बहुपदी.

पहिल्या दिवशी माझी दहापैकी दोन बरोबर आली, तिची चार. चिन्हं चुकायची. एका कंसात अधिक, एका कंसात वजा, हे माझ्या डोक्यात आठवडाभर बसलं नाही. मी चिडून कागद चुलीत घालायला निघाले, तेव्हा जाऊबाईंनी पाहिलं.

"काय, मॅट्रिकला बसून राह्यली काय तू?"

"नाही बाई, पोरीचा रद्दी कागद आहे."

"रद्दीवर एवढं खोडते का कोणी?" म्हणून त्या गेल्या. त्या बी.ए. आहेत. त्यांना खोडायची वेळ आली नसेल.

तिसऱ्या आठवड्यात मुलीचे दहा कंस अर्ध्या तासात व्हायला लागले. रक्त तेच होतं. फक्त पाढे बदलले होते.

मग समीकरणं सुरू झाली. तीच बहुपदी, पुढे "बरोबर शून्य" लिहायचं. दोन कंसांचा गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य. हे मला एका फटक्यात समजलं. दोघांनी मिळून केलेल्या कामाचं फळ शून्य आलं, तर दोघांपैकी एकजण नक्की बसून होता. एवढं कळायला दहावी कशाला, संसार पुरतो.

मुलीला भीती शाब्दिक उदाहरणांची, म्हणून सुरुवात तिथूनच केली. पहिलंच होतं एका शेताचं. लांबी रुंदीपेक्षा पाच मीटरनं जास्त, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. उत्तर आलं रुंदी सात मीटर. माझ्या माहेरी एवढ्या जागेत बैलजोडी वळत नाही, पण पुस्तकवाल्यांचं शेत होतं, त्यांची मर्जी. दुसरं उत्तर आलं मायनस बारा.

"हे काय?"

"ते टाकून द्यायचं," मुलगी म्हणाली. "रुंदी मायनस नसते."

बरोबर वाटलं. पुढच्या उदाहरणात वय मायनस आलं, तेही टाकलं. त्याच्या पुढे मजुरांची संख्या, तीही टाकली. डाळ निवडताना खडा काढावा तसा माझा हात बसला. पुढच्या आठवड्यात नुसती समीकरणं आली. त्यात शेत नाही, वय नाही, काही नाही. मुलीनं पेन थांबवलं.

"आई, इथं टाकायचं का मायनसवालं?"

"टाकायचं."

"दोन्ही मायनस आले आहेत."

"मग दोन्ही टाक. लिहून दे, टाकले म्हणून. मायनसच्या उत्तराचं काय लोणचं घालायचं आहे?"

इतक्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन. ज्या गोष्टीत आपल्याला काही कळत नाही तिथे आवाज किती पक्का निघतो, हे मला घरातल्या थोरांकडून ऐकून माहीत होतं. आपलाही तसाच निघतो हे नवीन कळलं.

शाळेत हा धडा दिवाळीआधीच होऊन गेला होता, त्यामुळे तिथेही कोणी तपासत नव्हतं. पुस्तकात मागे उत्तरं होती. ती पाहिली असती तर चूक एका दिवसात समजली असती. पण मुलीला आधी मागचं पान उघडून मग गणित सोडवायची सवय होती, म्हणून नेम धरला त्या दिवशीच मी सुई-दोरा घेऊन उत्तरांची पानं शिवून टाकली होती. चांगली दुहेरी शिवण, बारीक टाक्याची. माझ्या हातची शिवण सहसा उसवत नाही.

संक्रांत झाली आणि एक दिवस नवरा जेवताना भावाला म्हणाला, "पोरगी आजकाल लय गणित करून राह्यली."

भासऱ्यांनी घास खाली ठेवला. "असं? मग पाहू. रविवारी मी दहा समीकरणं देतो. आठ बरोबर आली तर पॉलिटेक्निकचा विचार करू. नाही आली तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

"दादा म्हणते ते खरं आहे," नवरा म्हणाला.

रविवारी सकाळी बैठकीत परीक्षा झाली. भासरे खुर्चीवर, हातात लाल पेन, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर. खिशात एक चिठ्ठी होती. दहा गणितांची उत्तरं त्यांनी आधीच गाईडातून उतरवून आणली होती. रक्तात असलेलं गणित कागदावर काढून ठेवलं की वेळेला सापडतं. जाऊबाई सोफ्यावर मटार सोलत होत्या, नवरा पेपर वाचत होता. मी दारामागे पडद्याआड, हातात पोह्यांचा झारा.

मुलीनं अर्ध्या वेळात कागद दिला. भासऱ्यांनी चिठ्ठी मांडीवर उघडली.

"पहिलं बरोबर. दुसरं, बरोबर. तिसरं..." ते थांबले. "हे काय? एक्स अधिक आठ, एक्स अधिक तीन, इथपर्यंत ठीक. अन् खाली काय लिहिलं? 'दोन्ही उत्तरे मायनस, म्हणून टाकून दिली.' कुठे टाकली? नालीत?"

जाऊबाई हसता हसता मटाराचा दाणा गिळून बसल्या आणि खोकायला लागल्या.

"पाचवं. एक उत्तर सहा. दुसरं कुठे आहे? तेही टाकलं? बाई, तू गणित सोडवते का घर झाडते?"

मुलगी उभी होती. तिला तेव्हाच समजलं होतं, तिच्या मानेवरून मला दिसत होतं.

"एकूण सहा बरोबर," भासऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "चार ठिकाणी तीच चूक. हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "माह्या मनानंच."

मी पडद्यामागे होते. कोणी विचारलं नव्हतं. बोलायची चालच नव्हती, म्हणजे न बोलण्याला कारणही तयार होतं. झारा खाली ठेवून पोहे परतायला गेले असते तर कोणाला काही कळलं नसतं, आणि मुलगी पुढची दोन वर्षं आर्ट्सच्या वर्गात बसली असती, माझी चूक पोटात ठेवून.

मी दारात आले. पदर डोक्यावरच होता. मुलीला म्हटलं, "मोठ्या बाबांना सांग, मी शिकवलं म्हणून."

मुलीनं वळून पाहिलं. "तूच सांग ना, आई."

आता आली पंचाईत. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत गरजच पडली नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले. 

"मी शिकवलं. शेताच्या गणितात मायनस टाकतात, तर मले वाटलं सगळ्यातच टाकतात. चूक माही आहे. पोरीचे कंस पाहा, दहाच्या दहा बरोबर आहेत."

नवऱ्याचा पेपर खाली आला. भासरे माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "तुझ्या आईला विचार, त्या कितवी शिकल्या?"

"चौथी," मुलगी म्हणाली. "तुम्हाले माहीतच आहे."

"चौथी शिकलेली बाई दहावीचं वर्गसमीकरण शिकवते," भासरे गुणपत्रिकेच्या काचेकडे पाहत म्हणाले, "मग सहा आले हेच पुष्कळ झालं."

"दुसरे दहा द्या," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण कुठून आला ते सांगता येत नाही. "आता इथंच द्या. आता ती टाकणार नाही. पुस्तकातले नको, मनाचे द्या."

मनाचे द्या म्हटल्यावर भासऱ्यांनी चिठ्ठीची घडी केली. नाही तरी कसं म्हणणार? पैकीच्या पैकी मार्क भिंतीवर होते. ते छताकडे बघत एकेक समीकरण सांगू लागले आणि मुलगी अर्जाच्या मागच्या बाजूला लिहू लागली. सुरुवातीला सोपी सोपी निघाली. सातव्याला त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स, अधिक सात."

मी मनात तुकडे पाडले. सात एके सात, बेरीज आठ. दुसरे तुकडेच नाहीत सातचे. पाच येणार कुठून? मी मुलीकडे पाहिलं. तिनं खोडलं नाही, रडली नाही. कोपऱ्यात काहीतरी मांडलं आणि मान वर केली.

"मोठेबाबा, याला उत्तर नाही."

"पुन्हा उत्तर नाही? पुन्हा टाकून दिलं?"

"टाकलं नाही. नाहीच आहे. हे पाहा, पाचाचा वर्ग पंचवीस. चार गुणिले सात अठ्ठावीस. पंचवीसातून अठ्ठावीस गेले तर मायनस तीन. त्याचं वर्गमूळ निघत नाही. सरांनी शिकवलं आहे, असं आलं तर वास्तव उत्तर नसते."

भासऱ्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ घेतला. रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं हलली, तो पुढे गेला, तरी ते बघतच होते.

"हो," ते शेवटी म्हणाले. "ते मी मुद्दामच दिलं होतं."

अर्थात. मुद्दामच दिलं असणार.

उरलेली तीन तिनं सोडवली. चिठ्ठी नव्हती, म्हणून प्रत्येक उत्तर एक्सच्या जागी ठेवून शून्य येतं का ते तिनं त्यांच्यासमोर करून दाखवलं. मायनसची उत्तरंही ठेवली, आणि त्यांचंही शून्यच येत होतं, अगदी निमूटपणे. मी ते एकदा जरी ठेवून पाहिलं असतं तर. पण टाकलेल्या वस्तूची तपासणी कोण करतो?

नऊ बरोबर आली. एकाचं शून्य आलं नाही, तिथे तिनं बेरीज चुकवली होती.

भासऱ्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. "शब्द दिला होता, तर दिला होता," ते नवऱ्याला म्हणाले. "निकाल लागला की भरू फॉर्म. पुढे जमलं नाही तर मला सांगायचं नाही." नवऱ्यानं तोंड उघडलं, त्याचं नेहमीचं वाक्य ओठावर आलं असावं, पण या वेळी त्यानं नुसती मान हलवली.

पोहे करपले होते. तळाचे आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून खाल्ले.

"चार गणितं तुह्यामुळे गेली," मुलगी म्हणाली.

"हो."

"मी सांगणार नव्हती."

"माहीत आहे."

"मग काहून बोलली?"

"तुले खोटं बोलता येत नाही. मानेवरून दिसते."

तिनं हात धुतले. मग तिनं माझ्यासमोर एक कोरा अर्ज ठेवला आणि स्वतःच्या हातानं वीस समीकरणं लिहिली, सगळी अशी की उत्तरं मायनस यावीत. "कर," म्हणाली. "एकेक ठेवून पाहायचं. ताट मी घासते." मी करायला बसले. वीसपैकी अकरा बरोबर आली. तिनं चुकलेल्या नऊंवर गोल केले आणि तीच नऊ परत लिहून दिली. दया नावाची गोष्ट त्या मुलीत नाही, हे मला त्या दिवशी समजलं, आणि बरं वाटलं.

बोर्डात तिला बीजगणितात बत्तीस मिळाले. गेलेले आठ सांख्यिकीत गेले. तो धडा मी शिकवला नव्हता, त्यामुळे त्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही. पॉलिटेक्निकला नंबर लागला तेव्हा जाऊबाईंनी पेढे आणले आणि शेजारच्या बाईला सांगितलं की पोरीनं घरच्या घरी अभ्यास केला, मोठे बाबा परीक्षा घ्यायचे तिची. एकदाच घेतली होती. पण एक म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हिशेबाला चूक म्हणता येत नाही.

वसतिगृहात जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या पेटीत लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि वरून उरलेल्या अर्जांचा एक गठ्ठा ठेवला. तिनं गठ्ठा उचलून पाहिला, अर्धा काढून मला परत दिला, आणि पेटी बंद केली.